चाकाने आपली हवा आपणच भरावी म्हणून

अक्कलकोट रोड, सोलापूर
१८ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकू आता काठीशिवाय चालू लागल्यात हे वाचून घरात सगळ्यांना बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक आहोत. ऊन ४३ च्या पुढे गेलंय, दुपारी शेडमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नाही, म्हणून कामाची वेळ पहाटे पाच ते अकरा अशी करून टाकली आहे.

तू एका ओळीत विचारलंस, "का बे, हवा कमी झाली की गाडीत दिवा लागतो की आता, मग चाकावर पंप बसवायचा हट्ट कशाला?" तुझा प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर लांबणार आहे. शेवटी तुझ्याकडून रबराचं एक काम करून घ्यायचं आहे, तेव्हा सगळं मुळापासून सांगतो.

आधी दिव्याचं. अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. नियम असा की ठरलेल्या दाबापेक्षा हवा पाव हिश्शाने उतरली की दिवा लागला पाहिजे. पाव हिस्सा म्हणजे किती ते बघ. ११० पौंड दाबाच्या ट्रकच्या टायरला हाच हिशोब लावला, तर हवा ८२ पर्यंत उतरेस्तोवर दिवा गप्प बसणार. आणि लागला तरी मोहोळच्या पुढे भर दुपारी तो दिवा हवा भरून देत नाही. उसाच्या ट्रॉलीला तर दिवाच नाही, वायरिंगही नाही. आपल्या जिल्ह्यात गाळपाच्या हंगामात रस्त्यावर किती ट्रॉल्या असतात ते तू लहानपणापासून बघतोयस.

आता मला खरोखर अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. पुणे रोडवर बाळे गावाच्या पुढे एका धाब्यावर चालक मंडळी थांबतात, मी तिथे अधूनमधून जाऊन बसतो. एक वयस्कर आण्णा आहेत, आयुष्यभर हैदराबाद लाइनला गाडी चालवली. ते टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकतात, त्यांच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तेच आण्णा मे महिना आला की टायरमधली दहा-बारा पौंड हवा सोडून देतात. म्हणतात, "उन्हानं हवा फुगती, टायर फुटतोय." हे फक्त आण्णांचं नाही, अख्ख्या लाइनचं मत आहे.

हवा फुगते हे खरं आहे. १५ अंशाला ११० पौंड भरलेला टायर ४३ अंशाला गेला की दाब साधारण १२२ होतो. पण टायर बनवणाऱ्याने ही वाढ धरूनच दाब ठरवलेला असतो, बारा पौंडांनी टायर फुटत नाही. फुटतो तो हवा कमी असल्यावर. दाब कमी झाला की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, प्रत्येक फेरीला जास्त दुमडते. ट्रकचं चाक ताशी ६० किलोमीटरला मिनिटात सुमारे ३०० वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला पाच वेळा ती बाजू दुमडून सरळ होते. रबर दुमडताना घेतलेली सगळी ताकद परत देत नाही, उरलेली उष्णता म्हणून आतच राहते, हे तुला मी काय सांगणार. ती उष्णता वाढत वाढत टायरच्या आतल्या पट्ट्यांमधला जोड सोडवते आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, असेल तर वरचा थर सालपटासारखा निघून येतो. रस्त्याच्या कडेला पडलेले ते काळे तुकडे पुष्कळदा याच कारणाने पडलेले असतात. म्हणजे आण्णा ज्या भीतीने हवा सोडतात, तीच भीती ते ओढवून घेतात. मी त्यांना आकडे मांडून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग रोज सकाळी बाराच्या बारा चाकं कोण बघणार?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जोडटायरमधल्या आतल्या टायरच्या नोझलपर्यंत हात पोचायलाच पंधरा मिनिटं जातात. काहीही पंक्चर नसताना नुसत्या रबरातून झिरपून महिन्याला एक-दोन पौंड हवा जातेच, आतून ब्युटिल रबराचा थर असला तरी. एवढी हवा चाकाने स्वतः भरून घेतली, तर आण्णांना वाकावं लागणार नाही आणि सोडावंसंही वाटणार नाही. बस, एवढंच मला करायचं आहे.

कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास, अमेरिकेच्या डीयूकेडब्ल्यू नावाच्या पाण्यातही चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागेवरून हवा कमी-जास्त करता यायची, वाळूत उतरताना कमी आणि रस्त्यावर आल्यावर परत जास्त. नंतर रशियाच्या झिल ट्रकांनी तीच पद्धत वापरली. आज मोठ्या ट्रेलरना ब्रेकच्या टाकीतली हवा पोकळ एक्सलमधून नेऊन हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, फिरत्या जोडाने चाकात सोडतात. चांगली पद्धत आहे, पण त्याला एअर ब्रेक लागतो, आणि ब्रेकची हवा आधी ब्रेकलाच मिळाली पाहिजे म्हणून मध्ये संरक्षक व्हॉल्व्ह लागतो. टाकीत आठेक बार, टायरला साडेसात (तेच आपले ११० पौंड), म्हणजे हाताशी फरकही फार राहत नाही. ट्रॉलीला मुळात ही हवाच नाही.

दुसरा मार्ग गुडइयरने २०११ साली जाहीर केला होता. टायरच्या बाजूतच एक बारीक नळी, ती जमिनीला टेकते तिथे दाबली जाते आणि घशातून घास खाली सरकावा तशी हवा पुढे सरकून आत जाते. फार सुंदर कल्पना. पण ती टायर बनतानाच त्यात घालावी लागते, आणि आपल्याकडे एक टायर दोन-तीनदा रिमोल्ड होऊन फिरतो. मला जुन्या चाकावर चार बोल्टांनी बसणारी वस्तू हवी होती.

म्हणून लोलक घेतला. हबवर डबी, डबीत एका बाजूला जड असलेलं वजन बेअरिंगवर टांगलेलं. चाक फिरतं, वजन गुरुत्वाने खालीच राहू बघतं, आणि दोघांच्या त्या फरकावर छोटा पिस्टन चालतो. परदेशात या तत्त्वावरची उपकरणं विकलीही जातात. मी आकडेमोड केली ती अशी. अर्धा किलो वजन, मध्यापासून ५ सेंटिमीटरवर, म्हणजे एका फेरीला जास्तीत जास्त दीड ज्यूल काम. घर्षण आणि गळती धरून जेमतेम निम्मं हाती लागेल. एक लिटर मोकळी हवा ७ बारपर्यंत दाबायला आदर्श हिशोबानेही २१० ज्यूल लागतात. तेव्हा ताशी ६० ला मिनिटाला लिटरभर हवा. ट्रकच्या टायरची पोकळी सव्वाशे लिटरच्या आसपास, एक पौंड वाढवायला सव्वाआठ-साडेआठ लिटर हवा, म्हणजे आठ मिनिटं. झिरपून जाणारी हवा भरायला हे रग्गड आहे. खिळा घुसला तर मात्र हा पंप पुरणार नाही, आणि पुरावा असं मला वाटतही नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

पंप कुठे अडेल असं वाटलं होतं तिथे तो अडला नाही. खरं डिझाइन आहे ते थांबवण्याचं. कधी थांबायचं हे त्या डबीला कसं कळावं?

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच आला, की उष्णतेचा हिशोब करणारा व्हॉल्व्ह करावा. धातूच्या घडीच्या बंद डबीत नायट्रोजन, टायर तापला की तोही तापेल, दोघांचे दाब बरोबर वाढतील, फरक तेवढाच राहील. कागदावर निर्दोष. पण माझी डबी टायरमध्ये नाही, हबवर आहे, आणि हबला ब्रेक ड्रमची उष्णता लागते. बोरघाट उतरताना हब टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तेव्हा तो नायट्रोजन म्हणेल, अजून भर, अजून भर. नेमक्या सगळ्यात धोक्याच्या जागी टायरमध्ये जादा हवा जाईल. तो रस्ता मी सोडून दिला.

आता साधी स्प्रिंग ठेवली आहे, थंड टायरच्या दाबावर बसवलेली. टायर तापला की दाब आपोआप वर जातो, व्हॉल्व्ह बंद होतो, पंप नुसता फिरत राहतो. मग भरायचं कधी? पहाटे. गाडी सुरू झाल्यापासून टायर तापेपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटं. महिन्याला दोन पौंड म्हणजे दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा थोडी जास्त हवा, ती एका मिनिटात भरते. या पहाटेच्या खिडकीवर माझं सगळं डिझाइन उभं आहे, आणि पहाटे रोज होते यापेक्षा भरवशाची गोष्ट मला दुसरी सापडली नाही.

व्हॉल्व्ह कोणत्या दिशेने बसवायचा यावरही बराच काळ गेला. ताशी ८० ला हबच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर असलेल्या भागावर गुरुत्वाच्या १९ पट ओढ असते. रिमजवळ, २५ सेंटिमीटरवर, ती ४८ पट होते. पाच ग्रॅमची व्हॉल्व्हची गोळी हबवरच ९५ ग्रॅमच्या वर भरते. ती बाहेरच्या दिशेने उघडणारी असेल तर वेग वाढला की आपोआप उघडेल, आतल्या दिशेने असेल तर उघडणारच नाही. म्हणून गोळीची चाल एक्सलला समांतर ठेवली. मग वेगाची ओढ आडवी पडते, फक्त बाजूच्या भिंतीवर घासते, त्यासाठी तिथे पितळेची बुश. हे ड्रॉइंग मला सगळ्यात आवडतं. सोबत झेरॉक्स पाठवतोय, नीट बघ.

जोडटायरला एकाच डबीतून दोन नळ्या जातात. प्रत्येक नळीला स्वतंत्र एकेरी व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर एक टायर बसला तर तो शेजारच्याची हवाही पिऊन टाकेल. तो व्हॉल्व्ह डबीकडे नाही, टायरकडे हवा, म्हणजे दगड लागून नळी तुटली तरी टायर शाबूत राहील. वस्तू बिघडली तर चाक आधी होतं तसंच राहिलं पाहिजे, त्याहून वाईट होता कामा नये. यावर मी तडजोड करणार नाही.

खिळ्याचं सांगतो म्हटलं होतं. समजा बारीक खिळा घुसलाय आणि पंप तेवढी हवा भरत राहिला. चालकाला कळणारच नाही, आणि पाणी आत जाऊन तारांना गंज चढत राहील. म्हणून पंप मुद्दाम लहान ठेवला आणि डबीच्या तोंडावर एक लाल पिन दिली. दाब ठरावीक आकड्याखाली राहिला की ती बाहेर येते. आण्णांना दुरून दिसेल, टॉमी मारायची गरज नाही. मारली तरी माझी हरकत नाही, त्यांचा कान आहेच.

धूळ आणि पाणी हे आपल्याकडचे दोन वैरी. काळ्या मातीची धूळ इतकी बारीक की साधी जाळी अडवत नाही. आणि तापलेला हब पाण्यातून गेला की एकदम थंड होतो, आतली हवा आक्रसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी ओढते. सध्या हवा घेण्याच्या भोकात पाणी न शोषणारा टेफ्लॉनचा पडदा घातलाय. तो धुता येत नाही, बदलावा लागतो, हे मला अजून पसंत नाही.

आता तुझं काम. दाब ओळखणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये एक पडदा आहे, व्यास ४२ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटर, आत कापड. एका बाजूला टायरची हवा, दुसऱ्या बाजूला बाहेरची. ब्युटिल हवा धरून ठेवतं पण हबचं ग्रीस लागलं की फुगतं. सिलिकॉनला उष्णतेचं काही वाटत नाही, पण त्यातून हवा चाळणीतून जावी तशी जाते. साधं नायट्रिल ग्रीसला टिकतं, मात्र शंभर अंशांच्या पुढे रोज गेलं की कडक होत जातं. माझं मन हायड्रोजनेटेड नायट्रिल आणि व्हायटन या दोघांमध्ये अडकलंय. व्हायटन महाग आहे आणि थंडीत ताठ होतं म्हणतात, पण आपल्या सोलापूरच्या थंडीने त्याचं काही बिघडणार नाही. तुझा अनुभव काय सांगतो? माझी खरी भीती रबर आणि कापडाचा जोड सुटण्याची आहे, लाखो वेळा हलल्यावर कडेच्या वळणावर. तिथली त्रिज्या मी दीड मिलिमीटर ठेवली आहे, कमी असेल तर बिनधास्त लिही.

दोन्ही कंपाऊंडचे मूठभर नमुने काढून देशील का? कडकपणा ७० शोअर चालेल. साच्याचा खर्च मी देतो, त्यावरून वाद घालू नकोस. एसटीच्या पार्सलने पाठव, स्टँडवरून मी उचलीन. जूनच्या मध्यापर्यंत आले तर पावसाळाभर ट्रकवर चालवून बघता येतील आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू होतील तेव्हा एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या जोडट्रॉलीला लावता येतील. तो तयार आहे, फक्त म्हणतो की उसाच्या खेपेला एक दिवसही खाडा पडता कामा नये. त्याचं बरोबर आहे.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींसाठी शेंगाचटणी याच पाकिटात ड्रॉइंगसोबत ठेवली आहे, तेल कागदाला लागलं असेल तर सेक्शन ब-ब नीट दिसणार नाही, तेवढं दुसरं प्रिंट मागव.

तुझा,
अक्कलकोट रोडवाला