इडा लुपिनो आणि तुझी एडीची नोकरी

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

मालिकेतला तुझा ट्रॅक, म्हणजे तुझ्या पात्राचं कथानक, गुंडाळला हे तू फोनवर एका वाक्यात उरकलंस. त्याच प्रॉडक्शनने एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, म्हणून थांबायला सांगितलंय, हे सांगताना मात्र तुझा आवाज पडला. "म्हणजे नटी म्हणून मी संपलेच ना?" असं विचारलंस. बाबा म्हणतात, तिचं तिला ठरवू दे. ठरव की, मी कुठे आडवी येतेय! पण होकार-नकार कळवण्याआधी इडा लुपिनो या हॉलिवूडच्या नटी-दिग्दर्शिका बाईबद्दल ऐकून घे. निवृत्त झाल्यापासून मला जुन्या सिनेमांचा नाद लागलाय ते तुला माहीतच आहे. सध्या हिच्या मागे आहे.

जन्म लंडनचा, १९१८चा. घराणं पिढ्यानपिढ्या रंगभूमीवरचं. वडील स्टॅन्ली लुपिनो विनोदी नट, आई कॉनी एमराल्डही नटी. आई एका सिनेमासाठी चाचणी द्यायला गेली आणि दिग्दर्शक ॲलन ड्वानने तिच्याऐवजी सोबत आलेल्या पोरीलाच घेतलं, असं सांगतात. पोरगी तेव्हा चौदाची. (परतीच्या वाटेवर त्या मायलेकी काय बोलल्या असतील, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला तेच वाचायचं होतं.) पुढच्याच वर्षी पॅरामाउंटने तिला हॉलिवूडला नेलं, केस सोनेरी केले आणि शोभेच्या बाहुलीची कामं दिली. १९३४मध्ये पोलिओ झाला, त्यातून उठली. १९३९मध्ये एका भूमिकेसाठी विल्यम वेलमन या दिग्दर्शकाच्या कचेरीत सरळ घुसली, 'माझं काम बघा' म्हणाली आणि ती भूमिका घेऊनच बाहेर पडली. १९४१च्या 'हाय सिएरा'च्या श्रेयनामावलीत तिचं नाव नायक हम्फ्री बोगार्टच्या वर आहे.

इथवरची गोष्ट कुठल्याही नटीची असू शकते. पुढची बघ.

तेव्हा ती वॉर्नर ब्रदर्सच्या करारात होती. तिथली राणी बेटी डेव्हिस. तिने नको म्हटलेल्या भूमिका इडाकडे येत, म्हणून इडा स्वतःला गमतीने 'गरिबांची बेटी डेव्हिस' म्हणायची. पण पडेल ते काम निमूट करणाऱ्यातली ती नव्हती. भूमिका नाकारायची, की स्टुडिओ तिला निलंबित करायचा. पगार बंद आणि दुसरीकडे काम करायलाही बंदी. अशा सक्तीच्या रिकामपणात ती सेटवर जाऊन उभी राहू लागली. कॅमेरा कुठे लावतात, लाइट का हलवतात, संकलनाच्या टेबलावर काय कापतात, हे बघत बसायची. मेकअप रूममध्ये कॉल यायची वाट बघत तू मोबाइल चाळत बसतेस ना, तेवढ्या वेळात ती दुसरा धंदा शिकली. टोमणा समजलीस तर समज.

१९४९मध्ये तिने आणि नवरा कॉलियर यंगने स्वतःच 'नॉट वाँटेड' काढला. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीची गोष्ट. चित्रीकरण सुरू होताच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला. दुसरा माणूस आणायला पैसे नव्हते, तेव्हा इडाच उभी राहिली. पडद्यावर नाव क्लिफ्टन यांचंच राहू दिलं. पुढे 'द फिल्ममेकर्स' ही त्यांची कंपनी. तुटपुंजं बजेट आणि मोठे स्टुडिओ हात लावणार नाहीत असे विषय. 'नेव्हर फिअर'मध्ये पोलिओ झालेली नर्तकी आहे. तो विषय तिला कुणाकडून ऐकायची गरजच नव्हती.

१९५०चा 'आउटरेज' मी दोनदा पाहिला. बलात्कारावरचा सिनेमा, पण सेन्सॉरच्या नियमांमुळे तो शब्दच उच्चारायचा नाही. मग तिने काय केलं? ती मुलगी पुन्हा ऑफिसात येऊन बसते. कुणी काही बोलत नाही. शेजारचा कारकून कागदांवर शिक्के मारतोय, एवढंच. आणि तो शिक्क्यांचा आवाज वाढत वाढत तिला असह्य होतो. पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर तो आवाज ऐकला, पण त्याचं असं काही करता येईल हे माझ्या डोक्यात आलं नसतं. बाकी सिनेमा मधेच प्रवचनाला बसतो, तो भाग पळवलास तरी चालेल.

१९५३चा 'द हिच-हायकर' एकाहत्तर मिनिटांचा आहे आणि अमेरिकेत त्याचे हक्क खुले असल्याने सहज सापडतो. मासेमारीला निघालेले दोन मित्र एका अनोळखी माणसाला गाडीत घेतात, तो निघतो खुनी. त्याची एक पापणी मिटत नाही. रात्री तो झोपलाय की जागा आहे, हे त्या दोघांना कळायला मार्गच नाही. सगळी भीती एका डोळ्यावर उभी केली आहे, खर्च शून्य. तुमच्या मालिकेत याच जागी विजा कडाडल्या असत्या आणि तीन-तीनदा चेहरे दाखवले असते.

त्याच वर्षीच्या 'द बिगमिस्ट'ची गंमत वेगळीच. दोन बायका करणाऱ्या माणसाची गोष्ट कॉलियर यंगने लिहिली. तोवर इडाशी त्याचा घटस्फोट होऊन त्याने नटी जोन फाँटेनशी लग्न केलं होतं. सिनेमात एक बायको जोन, दुसरी इडा, आणि दिग्दर्शन इडाचं! आपल्याकडे अशा तिघांनी एका लग्नात पंगतीला बसायचंही टाळलं असतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील आई नुसतं गोड लिहिते. सिनेमे स्वतःच वितरित करण्याच्या नादात कंपनी बुडाली. त्यानंतर मोठ्या पडद्यासाठी दिग्दर्शन करायला तिला थेट १९६६ उजाडलं. मधल्या काळात तिला तारलं ते टीव्हीने. 'फोर स्टार प्लेहाउस'मध्ये अभिनय, तिसरा नवरा हॉवर्ड डफबरोबर 'मिस्टर ॲडम्स अँड ईव्ह' ही विनोदी मालिका, आणि दिग्दर्शन तर वेस्टर्नपासून हिचकॉकच्या मालिकेपर्यंत मिळेल त्याचं. 'ट्वायलाइट झोन'च्या पहिल्या, मूळ मालिकेत एका भागात मुख्य भूमिका आणि दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन, हे तिच्याशिवाय कुणीच केलेलं नाही. त्या मालिकेची दिग्दर्शक बाईही ती एकटीच. शनिवार-रविवारी स्टुडिओ ओस पडला की एकटी जाऊन शॉट्स आखून ठेवायची. टीव्हीला तेव्हाही वेळ नव्हता, तुमच्यासारखाच.

एक गोष्ट मला खटकते. सेटवर ती स्वतःला 'मदर' म्हणवून घ्यायची. हुकूम सोडायचा नाही. "बाळांनो, आईला एक अडचण आहे, जरा हे करून बघता का?" अशा सुरात सगळं करून घ्यायचं. पुरुषांना बाईने हुकूम केलेला चालत नाही, हे ती ओळखून होती. ऑफिसात मीही तेच केलं. साहेबांची चूक दाखवायची तर आधी "माझंच काही चुकत असेल" म्हणायचं. कामं झाली, पण मी थकले. तुझ्या युनिटमध्ये लाइटवाल्या दादांशी गोड बोल, त्यात वावगं काही नाही. पण त्यांची आई होऊ नकोस.

आणि तुझा खरा प्रश्न. दिग्दर्शन करू लागल्यावर इडाने अभिनय सोडला नाही. १९७२च्या 'ज्युनिअर बॉनर'मध्ये ती स्टीव्ह मॅक्वीनची आई आहे, 'कोलंबो' या टीव्ही मालिकेतही दिसते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती कॅमेऱ्यासमोर उभी राहत होती. १९९५मध्ये गेली. एडीची नोकरी घेतलीस तर ऑडिशनसाठी सुट्टी मिळेल का, हे आधी विचार आणि लिहून घे. पैसे किती दिवसांनी देणार, हेही. कलाकाराला नव्वद दिवस थांबवतात असं तूच म्हणाली होतीस, एडीला महिन्याच्या महिन्याला मिळणार असतील तर घरभाड्याचा तरी घोर मिटेल.

'द बिगमिस्ट' मात्र बघ आणि मला सांग. शेवटी कोर्टात दोघी बायका आणि तो समोरासमोर येतात, तेव्हा तिने कॅमेरा कुणाच्या बाजूने ठेवलाय? बाबा म्हणतात त्या माणसाच्या. मला तसं वाटत नाही, आणि आमचं त्यावरून भांडण चालू आहे.

तुझी,
आई