आजीच्या वर्षाच्या मिस्साबद्दल

डब्लिन, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मावशी,

जय ख्रिस्त. काकांनाही नमस्कार सांग.

आजीच्या वर्षाच्या मिस्सात, म्हणजे तिच्या वर्षश्राद्धाच्या देवळातल्या प्रार्थनेत, वाचायला तू चार ओळी मागितल्या आहेस. "फार प्रेमळ होती, देवभीरू होती" एवढ्यावर भागवू नकोस गं. देवळात बसलेल्या कितीतरी घरांत तिने लिहिलेला डाएटचा कागद अजून फडताळाच्या दाराला चिकटवलेला असेल. पेशंटना खाण्यापिण्याचं शिकवताना ती काय करायची, ते नेमकं सांग.

सुरुवात वाटीपासून कर. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. जत, अथणी, चिकोडीकडचे पेशंट नातेवाइकांसह यायचे. आजी त्यांना सांगायची, पुढच्या खेपेला घरची वाटी आणि पळी घेऊन या. मापाच्या ग्लासातलं पाणी त्या वाटीत ओतायची. कुणाची १२० मिलीत भरायची, कुणाची २०० लाही पुरी होत नसे. मग १५० मिलीवर आतल्या अंगाला खिळ्याने बारीक रेघ ओढायची. कागदावर "१ वाटी" असलं की त्या रेघेपर्यंत. वाटी त्याहून लहान असेल तर त्या वाटीच्या मापानेच कागद नव्याने लिहायचा. वरण मात्र ती शिजलेलं मोजतच नसे. ३० ग्रॅम तूरडाळीत साधारण ७ ग्रॅम प्रोटीन. तीच डाळ घट्ट केली तर एक वाटी होते, आमटी केली तर तीन वाट्या, आणि आमटीची एक वाटी पिणाऱ्याला वाटतं आपण डाळ खाल्ली. म्हणून डाळ कोरडी असतानाच तोलायची.

भाकरीचंही तेच. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे सुमारे २१० कॅलरी. पण आपल्याकडे रानात न्यायची भाकरी १२० ग्रॅम पिठाचीही असते. कागदावर दोन लिहिल्या आणि पोटात चार गेल्या, तर साखर उतरणार कशी? लोक गोळीला नावं ठेवत. आजी आधी परातीतला पिठाचा गोळा तागडीत टाकायला लावायची.

आणि जपमाळेचं जरूर सांग, कारण तिची भक्ती आणि तिचं काम वेगळं काढता येत नाही. नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे पोटात खाणं पोचवायची नळी, घातलेल्या पेशंटला घरी नेलं की नातेवाईक घाईघाईने पिस्टन दाबून खाणं आत ढकलतात. त्याने उलटी होते, जुलाब लागतात, आणि उलटी श्वासनळीत गेली तर न्यूमोनिया. ती शिकवायची ते असं: डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. नळीवरची खूण नाकापाशीच आहे ना ते बघायचं, सरकली असेल तर काहीही न देता दवाखाना गाठायचा. आधी ३० मिली पाणी. मग पिस्टन काढून सिरिंजची नुसती नळकांडी वीतभर उंच धरायची आणि २०० मिली आपोआप उतरू द्यायचं. त्याला लागणारा वेळ म्हणजे एक पूर्ण माळ, पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच गट), १५ ते २० मिनिटं. ज्यांची माळ नसे त्यांना म्हणायची, तुमचा जो जप असेल तो तेवढा वेळ करा. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, आणि पेशंटला तासभर आडवं करायचं नाही. नाचणीची पेज मलमलीतून गाळूनच द्यायची. गार होताना ती आळते आणि नळी तुंबते. गोळ्यांची जाडसर पूड खाण्यात कालवली तरी तुंबते.

किडनीच्या पेशंटना "लो सोडियम" मिठाची तिने सक्त मनाई केली होती, त्यात पोटॅशियम असतं. सैंधवानेही काही साधत नाही, तेही सोडियमच.

आता १८ तारखेला राखेचा बुधवार आहे, उपवासकाळाची सुरुवात, म्हणून काकांसाठी मुद्दाम लिहिते. चर्चचा उपवासाचा नियम १८ ते ५९ वयाच्या माणसांना आहे: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, तेही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. आजाऱ्याला सूट आहे. काका साठीपार, त्यात सकाळची ग्लिमेपिराइड, साखर उतरवायची गोळी. ती घेऊन पोट रिकामं ठेवलं की साखर कोसळते. घाम, थरथर, बोलणं अडखळणं दिसलं आणि साखर ७० च्या खाली असली, तर ३ चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. आजीने अशा माणसाला उपास करूच दिला नसता. मटण सोडा, टीव्ही सोडा, वाचलेले पैसे दानपेटीत टाका, म्हणाली असती. साबुदाण्याला तर ती उपासाचं खाणं मानतच नव्हती, नुसता स्टार्च. ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपासही म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना लागू नाही. पाणी आणि औषध तर कुणालाही चालतं.

गव्हाची ॲलर्जी म्हणून येणाऱ्यांत सिलिॲक कोण, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रोटीनने कुणाचं आतडं बिघडतं, हे हेरून ती फादरांकडे स्वतः जायची. होस्टियात, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या पातळ भाकरीत, गहू हवाच, पण अगदी कमी ग्लुटेनची चालते, हे रोमने २०१७ साली पुन्हा स्पष्ट केलं आहे. ती वेगळ्या डबीत ठेवावी लागते, नाहीतर बाकीच्या होस्टियांचा चुरा लागतो आणि सगळं मुसळ केरात.

२७ तारखेला, मिस्साच्या दिवशी, शुक्रवार आहे, तोही उपवासकाळातला. तेव्हा मिस्सानंतर चिकन पॅटिस नको. मटकी ८ तास भिजवून, फडक्यात १२ ते १६ तास बांधून मोड आण, उसळ कर. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळ. उसळीमागोमाग चहा प्यायला तर तिच्यातलं लोह अंगी लागत नाही. म्हणून आधी उसळ, मग सगळ्यांनी आजीच्या कबरेवर जाऊन माळ म्हणायची, आणि घरी परतल्यावर चहा. जाऊन येऊन तास होतोच. काकांचा बिनसाखरेचा वेगळा कर.

तुझी भाची