माझ्या लेकीचं दुखणं रील करायला नव्हतं, मंत्रीमहोदय

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी अंगणवाडी सेविका आहे. गेल्या मंगळवारी माझी अकरावीतली मुलगी साडेअकरालाच कॉलेजातून घरी आली आणि मोरीची कडी लावून बसली. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील फिरत होती. तिच्या समुपदेशक बाईंनीच केलेली.

ताण आला की माझी मुलगी डोक्याचे केस उपटते. सकाळी अंथरूण काढताना उशीखाली पुंजका सापडायचा. आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही, म्हणून ऑनलाइन बाई शोधल्या. तासाचे 800 रुपये. घरात दोनच खोल्या, त्यामुळे पोर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून व्हिडिओ कॉलवर बोलायची. सगळं आपल्या दोघींत राहील, असा शब्द बाईंनी पहिल्याच दिवशी दिला होता.

रीलमध्ये नाव घेतलं नाही. पण अकरावी सायन्स, वडील नाहीत, आई अंगणवाडीत, डोक्याला कायम स्कार्फ, एवढं सांगितल्यावर नाव हवंच कशाला? फोन केला तर म्हणाल्या, "ताई, यानं जागृती होते." जागृती झाली. वर्गातल्या पोरांनी तिचा स्कार्फ ओढला.

तक्रार घेऊन तीन दारं फिरले. एके ठिकाणी म्हणाले, त्या डॉक्टर नाहीत, आमच्याकडे येत नाहीत. दुसरीकडे, यात गुन्हा काय? तिसरीकडे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दाखवला. त्यातल्या कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, पण तुमची मुलगी मनोरुग्ण कुठे आहे, असं मलाच विचारलं. म्हणजे हक्क हवा तर आधी लेकीला मनोरुग्ण ठरवून आणायचं का? 2021 मध्ये केंद्रानं संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवा देणाऱ्या इतरांचा, कायदा केला, त्यात समुपदेशकही आहेत आणि त्यांची नोंद ठेवणारी राज्य परिषदही. त्या परिषदेचा पत्ता मला एकाही टेबलावर मिळाला नाही.

आमचं बघा. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर बाळाचं वजन चुकलं तर जाब विचारतात. घरपोच आहाराचं पाकीट द्यायचं तर ओल्या बाळंतिणीचा चेहरा मोबाईलसमोर धरून ओळख पटवावी लागते. रेंज गेली तर ती बाई पोर कडेवर घेऊन उन्हात ताटकळते. गरिबाच्या पाकिटावर एवढा पहारा! आणि माझ्या लेकीचं मन ज्यांच्या हाती दिलं, त्यांचं शिक्षण काय, नोंदणी कुठे, हे विचारणारा सरकारात एक माणूस नाही?

ऑनलाइन बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच रात्री 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पाऊण तास ऐकून घेतलं. ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. मग आमच्या कॉलेजच्या भिंतीवर हा नंबर का नाही? तो लावा. ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्यांची यादी लोकांपुढे ठेवा. तक्रारीला एक दार आणि एक अधिकारी द्या. सल्ला घ्यायला आलेल्याची गोष्ट समाजमाध्यमावर टाकायला बंदी घाला, नाव बदललं तरी.

ती रील अजून तिथेच आहे. बाईंनी फक्त कमेंट बंद केल्यात.

उत्तर पोस्टानं पाठवा. मुलीनं मोबाईल पिठाच्या डब्यामागे ठेवलाय, वाजला तरी दचकते.

आपली,
एक आई