महापौरांनी आधी पाईप दाखवावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महापौरपदाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा सोडतीपासून सुरू होते आणि सत्कारापाशी थांबते. पद कुठल्या प्रवर्गाला गेलं, वर्णी कोणाची लागली, मिरवणूक कुठून निघाली, एवढंच. मी नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. एका परदेशी महापौराची गोष्ट सोलापूरच्या वाचकांपुढे ठेवावी असं फार दिवस मनात होतं.

माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत क्लीव्हलँडजवळ असतो. त्याच्याकडे तीन महिने राहिले होते. त्या शहरातून कायाहोगा नावाची वेडीवाकडी वळणं घेत जाणारी नदी वाहते आणि तिच्या काठाशी न्यायालयाची उंचच उंच इमारत आहे. इमारतीला नाव कार्ल स्टोक्स यांचं. हे कोण, असं मुलाला विचारलं तर त्यालाही सांगता येईना. मग ग्रंथालयात जाऊन बसले.

कार्ल स्टोक्स यांचा जन्म 1927 चा. वडील लॉंड्रीत कामाला होते. कार्ल दोन वर्षांचे असतानाच ते गेले. आई लोकांच्या घरची धुणीभांडी, साफसफाई करायची. दोन भाऊ आणि आई पडक्या भाड्याच्या घरात राहायचे. 1938 साली त्यांना सरकारी वसाहतीत घर मिळालं आणि नळाला गरम आणि गार असं दोन्ही पाणी येतं हे त्या पोरांनी पहिल्यांदा पाहिलं. हे वाचताना मला माझी अम्मा आठवली. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. अम्मा चाळीस वर्षं विड्या वळायची. मांडीवर सूप, फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हजार झाल्या की विडी कारखान्याच्या ब्रँचला जायचं, आणि तिथे छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघते याच्याकडे डोळे लावून उभं राहायचं. 2006 साली कुंभारीच्या विडी घरकुलात तिला घराची किल्ली मिळाली. न्हाणीघराला दार आहे, हे तिने शेजारणीला हाताला धरून आणून दाखवलं होतं. दार उघडायची, लावायची, परत उघडायची. स्टोक्स यांची आई कुठल्या आनंदात असेल हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

स्टोक्स यांनी मध्येच शाळा सोडली, काही काळ कारखान्यात काम केलं, सैन्यात गेले, परत येऊन शाळा पूर्ण केली आणि पुढे वकील झाले. 1962 मध्ये ओहायो राज्याच्या विधानसभेत निवडून आले. 1965 ला महापौरपदासाठी उभे राहिले आणि थोडक्या मतांनी पडले. दोन वर्षांनी पुन्हा उभे राहिले. 7 नोव्हेंबर 1967 ला ते निवडून आले आणि अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. समोर सेथ टाफ्ट होते, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचे नातू. गुलामाच्या पणतवाने राष्ट्राध्यक्षाच्या नातवाला हरवलं, तेही दोन हजारांपेक्षा कमी मतांनी. शहरात गोरे लोक बहुसंख्य होते. थोड्या का होईना, गोऱ्या माणसांनी मत दिल्याशिवाय हा निकाल लागणं शक्यच नव्हतं. तेव्हा आपल्या महापालिकेला जेमतेम तीन वर्षं झाली होती. क्लीव्हलँडही आजच्या सोलापूरपेक्षा थोडंच लहान, आठ लाखांच्या आसपास वस्तीचं, आणि कारखान्यांच्या भोंग्यावर उठणारं.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. 22 जून 1969, रविवार. कायाहोगा नदीला आग लागली. हो, नदीला. पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांचं तेल, ग्रीस, काळा राळ पाण्यावर साय धरावी तसा साचलेला होता. त्याने पेट घेतला आणि रेल्वेचे दोन पूल भाजले. आग अर्ध्या तासात विझली. नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती, त्यामुळे गावाला त्याचं नवल उरलेलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर विझवणाऱ्यांचं कौतुक करून मोकळा झाला असता.

स्टोक्स यांनी दुसऱ्याच दिवशी वार्ताहरांना सोबत घेतलं आणि नदीकाठाने फिरायला निघाले. जळलेल्या पुलापाशी नेलं, कारखान्याची घाण कुठून पाण्यात पडते ते दाखवलं, आणि शहराची स्वतःची मैलापाण्याची व्यवस्थाही झाकली नाही. कारखान्यांना नदीत सांडपाणी सोडायचे परवाने राज्य सरकार देतं आणि शहराचे हात बांधलेले राहतात, हे त्यांनी तिथेच, नदीच्या काठावर उभं राहून उघड सांगितलं. विशेष म्हणजे हे सगळं नुसतं बोलणं नव्हतं. नदी स्वच्छ करण्यासाठी 10 कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला शहरातल्या मतदारांनी आगीच्या आदल्याच वर्षी, 1968 मध्ये, मंजुरी दिली होती. पुढे ती आग साऱ्या देशात गाजली. 1970 मध्ये अमेरिकेत पर्यावरणासाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, 1972 मध्ये शुद्ध पाण्याचा कायदा झाला. एका महापौरानेच हे घडवलं असं मी म्हणणार नाही. कार्ल यांचे थोरले भाऊ लुई तोवर संसदेत पोचले होते, त्यांचाही हातभार होता. तरी नदीकाठच्या त्या एका फेरीचा त्यात वाटा होताच.

याच ठिकाणी मला आपलं सोलापूर डोळ्यांपुढे येतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बोळात चार दिवसांनी नळ आला तो पिवळट, वास मारणारा. मी पाण्याची बाटली भरून एका कार्यालयात गेले. हा विषय आमच्याकडे येत नाही, असं म्हणाले. दुसरीकडे पाठवलं. तिथून तिसरीकडे. तिसऱ्या खिडकीपाशी पोचेपर्यंत बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. तो साहेबांनी बघितला, मान हलवली आणि अर्ज द्या म्हणाले. कोणाच्या अखत्यारीत काय येतं हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण त्या दिवशी माझ्याच प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही.

आपल्या महापौरांचा कारभार आणि तिथल्या महापौरांचा कारभार यात फरक आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे लोक महापौराला थेट निवडतात आणि पोलीसप्रमुखापासून पाणीखात्याच्या प्रमुखापर्यंतच्या नेमणुका महापौर करतो. आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, मुदत अडीच वर्षं, आणि अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. त्यामुळे आरक्षणाने दलित, मागास, महिला महापौर झाल्या तरी हातात दंड कमी आणि गळ्यात हार जास्त, अशी त्यांची गत होते. ते पद ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या मिळालं नव्हतं, त्याला मिळाल्यावर त्यातला अधिकारच गायब असावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2022 नंतर तर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे. मात्र वार्ताहरांना सोबत घेऊन गटारीच्या तोंडाशी उभं राहायला कुठल्या कलमाची परवानगी लागत नाही.

स्टोक्स यांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, देशभर शहरं पेटली, तेव्हा ते स्वतः रस्त्यावर फिरले आणि क्लीव्हलँड शांत राहिलं. पण त्याच वर्षी जुलैत शहरातल्या ग्लेनव्हिल भागात पोलीस आणि कृष्णवर्णीयांचा एक सशस्त्र गट यांच्यात गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं गेली. स्टोक्स यांनी एक रात्र गोऱ्या पोलिसांना तिथून बाजूला काढलं आणि कृष्णवर्णीय पोलीस आणि वस्तीतल्या पुढाऱ्यांवर भिस्त ठेवली. त्या रात्री आणखी जीव गेला नाही. 1930 चा मार्शल लॉ सोसलेल्या आपल्या सोलापूरला त्या निर्णयाचं मोल कळावं. पुढे त्यांच्याच शहरसुधारणेच्या योजनेतले पैसे त्या गटाच्या म्होरक्यापर्यंत पोचल्याचं उघड झालं आणि त्यांच्यावरचा विश्वास उडाला. पोलिसांशी बिनसलं, कौन्सिलशी रोजची भांडणं. 1969 ला ते पुन्हा निवडून आले, पण 1971 ला उभेच राहिले नाहीत. न्यूयॉर्कला जाऊन दूरचित्रवाणीवर बातम्या देऊ लागले, नंतर आपल्याच गावी परतून न्यायाधीश झाले, शेवटी सेशेल्समध्ये राजदूत. 1996 मध्ये कर्करोगाने गेले.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला आणि महापौरांना माझी विनंती एकच आहे. पदभार घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात सत्कार बाजूला ठेवून वार्ताहरांना घेऊन फिरा. उजनीचं पाणी कुठे मुरतं, कुठली जलवाहिनी गटारीला चिकटून गेली आहे, कोणत्या कारखान्याचं रंगाचं पाणी कुठल्या ओढ्यात पडतं, ते जागेवर उभं राहून दाखवा. जे महापालिकेचं आहे ते आमचं म्हणा, जे राज्याचं आहे ते राज्याचं म्हणा. आणि आपल्या वार्ताहरांनी त्या पाईपाचा फोटो पहिल्या पानावर छापावा.

सुरुवात आमच्या बोळातून करायची असेल तर नळाला पाणी सोडणारा चावीवाला रात्री अडीचच्या सुमारास येतो. मी जागी असते. बाटली धुऊन ठेवली आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
अशोक चौक परिसर, सोलापूर