जबडा अडकला असताना मानेला झटका कशासाठी?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला जबड्याच्या सांध्यावरचा लेख वाचला. कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणके आणि सांधे हाताने झटका देऊन ‘जागेवर बसवणाऱ्या’ उपचारकाने, एक झटका दिला आणि अडकलेला जबडा सुटला, ही त्यातली हकीकत वाचून राहवलं नाही. माझाही जबडा अडकला होता आणि झटका मलाही मिळाला. फक्त तो मानेला मिळाला.

वर्षभर जांभई देताना कानापुढे ‘कट्’ वाजायचं. दुखत नव्हतं म्हणून मी लक्ष दिलं नाही. एका सकाळी तो आवाज थांबला आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. कुणीतरी सुचवलं म्हणून एका कायरोप्रॅक्टरकडे गेले. तोंड उघडून दाखवा, असंही ते म्हणाले नाहीत. मला उताणं झोपवलं, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि काही कळायच्या आत मान फिरवली. कडकड वाजलं. “मोकळं झालं बघा,” म्हणाले. जबडा होता तसाच होता. पुढे दोन दिवस उठून बसलं की गरगरायचं.

मानेला असा झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे क्वचित घडतं, मान्य. पण मला कुणी आधी सांगितलं नाही, विचारलं नाही. तुमच्या लेखातही त्याबद्दल अवाक्षर नाही. उलट ‘मणका सरकल्यामुळे जबडा दुखतो’ असं ठामपणे छापलं आहे. सगळ्या दुखण्यांचं मूळ मणक्यात शोधायचं, ही १८९५ साली पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं तेव्हाची समजूत. माझ्या सांध्यातली कूर्चेची चकती पुढे सरकून अडकली होती. मान मोडून ती जागेवर कशी येणार?

हाताने केलेल्या उपचारांवर माझा राग नाही. मला बरं वाटलं ते हातांनीच. नंतरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी पट्टी लावून तोंड किती उघडतं ते मोजलं. २६ मिलिमीटर. मग हातमोजा घालून खालच्या दाढांवर अंगठा ठेवला आणि जबडा अगदी सावकाश खाली-पुढे ओढला. गालाच्या आतून चावायचा स्नायू दाबला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका तो ताठला होता. मी दिवसभर दात आवळून बसते, हे मला तेव्हा समजलं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, हे घरी सतत आठवायचं. अडीच महिन्यांनी पट्टी ३९ दाखवत होती.

‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ साली जुनाट जबडेदुखीसाठी ज्या शिफारशी छापल्या, त्यांत हेच आहे: सांधा हाताने सैल करणं, स्नायूंतल्या दुखऱ्या जागा दाबणं, देखरेखीखाली व्यायाम, वर्तनोपचार. शिक्षण घेतलेला कायरोप्रॅक्टरही हे करू शकेल. मग त्याने जबड्याला हात लावावा, मान सोडावी.

लेखाशेजारच्या चौकटीत ‘जमेल तेवढा मोठा आ करून दहा सेकंद थांबा’ असं छापलंय. ज्याचा जबडा अडकला आहे त्याने हे जोर लावून केलं तर दुखणं वाढेल. कृपया दुरुस्ती छापा. त्यात हेही घाला: पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येत असेल आणि कानशीलही नव्याने दुखू लागलं असेल, तर ती रोहिणीची सूज असू शकते आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. अशा माणसाने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, मालीश करत बसू नये.

मागच्या वेळी माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद तुम्ही गाळलात आणि मुद्दाच गेला. या वेळी जागा कमी पडली तर माझी हकीकत कापा, वरची पन्नाशीनंतरची ओळ ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक