किती बारचं मशीन घेऊ?

इंदिरानगर, नाशिक
कोजागरीनंतरचा रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

जोरदार दाबाच्या पाण्याने फरश्या-अंगणं धुवायच्या मशीनबद्दल परवा तू फोनवर विचारलंस, "दोनशे बारचं घेऊ की अडीचशे?" तेव्हा मी सातपूरला एका शेडमध्ये होतो, हातात पाण्याची गन, शेजारी मशीनचं इंजिन चालू. "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला तो राहूनच गेला. दिवाळी तोंडावर आहे, सकाळी सहाला निघतो तो रात्री नऊला घरी. आज जरा टेकलोय. तू चाकणची नोकरी सोडून संगमनेरला हा धंदा टाकायचा म्हणतोस. ही गोष्ट दोन मिनिटांच्या फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसलो.

बारचं, म्हणजे दाबाच्या मापाचं, आधी डोक्यातून काढ. दुकानदार तुला बारच दाखवेल, कारण तो आकडा मोठा दिसतो. तू विचार की मिनिटाला पाणी किती लिटर देतं.

हे मला कुठे कळलं ते सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी चढायला लागलं की भांडी बाजारातले लोक माल वर उचलतात. तिथे दुकान असलेल्या मामांनीही उचलला होता. पण पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर गाळ. मी त्या वेळी पिंपळगावला द्राक्षबागांचे ब्लोअर आणि एचटीपी, म्हणजे औषध फवारायचे दाबाचे पंप, दुरुस्त करायचो, तुला आठवत असेल. शेजारच्या दुकानात कोणीतरी गाडी धुवायचं मशीन आणलं होतं, एकशेवीस बारचं. पोरगं दिवसभर फरशीवर रेघा मारत बसलं. बारीक धार गाळात घुसायची, चिखल भिंतीवर उडायचा आणि ढीग जागचा हलायचा नाही. मी एका ओळखीच्या बागायतदाराचा एचटीपी पिकअपमध्ये टाकून आणला. दाब जेमतेम तीस किलो, म्हणजे साधारण तीस बार, पण पाणी मिनिटाला तीसेक लिटर. आधी फावड्याने जाड थर ओढून काढला. गाळ ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की सिमेंटसारखा बसतो. मग मागच्या भिंतीपासून दाराकडे पाणी मारत आलो. दोन तासांत खालची शहाबादी दिसायला लागली. मामी उंबऱ्यावर बसून रडली. पुढचे चार दिवस मी त्याच गल्लीत होतो. पैसे कोणाकडे मागितले नाहीत, पण माझा धंदा तिथेच सुरू झाला असं मी धरतो.

दाबाने मळ सुटतो, वाहून नेतं ते पाणी. दोन्ही लागतं, आणि दोन्हीला ताकद लागते. दोनशे बार आणि पंधरा लिटर म्हटलं की नुसत्या पंपालाच पाच किलोवॅट हवेत. वाया जाणारं धरलं तर मोटार साडेसात एचपीची, म्हणजे थ्री फेज. घरातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला साडेतीन किलोवॅटच्या वर काही मागता येत नाही. गंगापूर रोडच्या बंगल्यात थ्री फेज असतंही, पण मीटरपेटीतून वायर ओढायला कोण देतं? म्हणून माझ्याकडे दोन मशीन आहेत. एक सिंगल फेज, एकशेतीस बार, नऊ लिटर. जिने, पोर्च, सोसायटीचं पार्किंग, निम्म्याहून जास्त कामं त्यावरच होतात. दुसरं पेट्रोल इंजिनवरचं, अंबडच्या शेडसाठी आणि पेट्रोल पंपांच्या तेलकट जागेसाठी. त्याचा आवाज मोठा असतो, दुपारी वस्तीत लावू नकोस.

आतला पंप तुझ्या ओळखीचाच आहे. एचटीपीसारखेच तीन प्लंजर, म्हणजे मागे-पुढे सरकणारे दांडे, फक्त सिरॅमिकचे, आणि पाणी अडवणारे सील नाजूक. पाणी संपून पंप कोरडा फिरला तर एका मिनिटात सील जातात. गनचा घोडा सोडून गप्पा मारत उभा राहिलास तर तेच पाणी पंपात फिरून फिरून तापतं आणि सील तसेच जातात. दोन-तीन मिनिटं थांबायचं असेल तर मशीन बंद कर. मी पहिल्या वर्षी तीनदा सील बदलले आणि तिन्ही वेळा चूक माझी होती.

छोट्या हत्ती टेम्पोवर पाचशे लिटरची टाकी ठेव. हजारची ठेवशील तर नुसत्या पाण्याचंच वजन एक टन होतं, गाडीला ते झेपत नाही. पाचशे लिटर मोठ्या मशीनला अर्ध्या तासाला पुरतात, म्हणजे गिऱ्हाइकाचं पाणी लागणारच. ते कुठून घेणार हे काम ठरवायच्या आधी विचार. एप्रिलमध्ये मी सिडकोतल्या एका सोसायटीत पिण्याच्या टाकीला पाइप जोडला. चेअरमननेच सांगितलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं रे, आणि तू ते जमिनीवर ओततोस?" मी मशीन बंद केलं आणि ॲडव्हान्स परत केला. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये बोअरवेल असेल तरच जातो. ते दोन महिने हात आखडून काढावे लागतात. तू तुझ्या हिशेबात वर्ष दहाच महिन्यांचं धर.

आता ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते ती. पंचवटीत एक जुना वाडा आहे. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहतात. अंगण धुवायला बोलावलं होतं. अंगण छान झालं. त्या म्हणाल्या, "दाराचीही धूळ काढ जरा." सागवानी दार, शंभर वर्षांचं तरी असेल, वर कोरीव गणपती. मी गनच्या तोंडाची लाल नोझल काढायला विसरलो. लाल म्हणजे शून्य अंशाची, सुईसारखी धार. एकाच फटक्यात दारावर पांढरी रेघ उठली, लाकडाचे तंतू कापसासारखे वर आले. मी घाबरून सारखं करायला गेलो आणि तीन रेघा झाल्या. बाई काही बोलल्या नाहीत. दाराला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. मी सुतार नेला, पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल दिलं, रंग बराचसा जुळला. पण रेघांच्या जागी हात फिरवला तर खोलगट लागतं. मी प्रत्येक दिवाळीला त्यांचं अंगण धुऊन येतो, पैसे घेत नाही. त्या चहा देतात.

म्हणून हे मनापासून ऐक. लाल नोझल पेटीत ठेवूच नकोस. पिवळी पंधरा अंशांची, हिरवी पंचवीस, पांढरी चाळीस. तुझी नव्वद टक्के कामं हिरव्या आणि पांढऱ्यावर होतील. लाकूड, चुन्याचे सांधे, जुनी काळ्या दगडाची बांधकामं यांना मशीन लावू नकोस. दगड टिकतो, पण सांध्यातला चुना निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी आत शिरतं. गच्ची धुण्याआधी चालून बघ. कोब्याला चिरा असतील तर मालकाला दाखव, फोटो काढ, आणि झाडू-ब्रशनेच कर. नाहीतर खालच्या घरात गळती सुरू झाली की ती तुझ्या नावावर. पेव्हर ब्लॉकमधली वाळू उडते, ती परत भरून दे. सोलर पॅनलला मशीन लावूच नकोस. सकाळी पॅनल थंड असताना मऊ ब्रश आणि साधं पाणी.

शेवाळ नुसतं दाबाने काढलं तर महिन्यात परत येतं, कारण त्याचे बारीक अंश फटींत तिथेच राहतात. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, पातळ करून मार, दहा-पंधरा मिनिटं थांब, मग हलक्या धारेने धू. ऊन नको, वाळतं. आधी आणि नंतर कुंड्या, तुळस भरपूर पाण्याने भिजव. एकदा माझ्याकडून एका अंगणातली तुळस गेली, त्या घरातल्या आजींच्या तोंडाकडे बघवेना. आणि सोसायटीच्या खोलीतली ॲसिडची बाटली तुझ्या हायपोजवळ येऊ देऊ नकोस. दोन्ही एकत्र झाले की क्लोरीन वायू निघतो, बंद जागेत माणूस मरतो. शहाबादीवर, कोटा फरशीवर ॲसिड तसंही चालत नाही, चकाकी जाते.

धार स्वतःच्या अंगावर कधी घेऊ नकोस. पायाला छिद्र टाचणीएवढंच दिसतं, पण पाणी आत खोल जातं, असं झालं तर थेट हॉस्पिटल. मशीनच्या बोर्डला तीस मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, लाव. शिडीवर उभं राहून गन धरू नकोस, तिचा धक्का मागे ढकलतो.

पैशाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, कोणाला पैसे देऊ नकोस. वर्षाला वीस लाखांच्या आत आहेस तोवर जीएसटी लागत नाही, पण कंपनीची कामं हवी असतील तर ते मागतातच. मी चौरस फुटावर दर सांगत नाही, आधी जागा बघतो. तेल मुरलेली शंभर फूट फरशी साध्या पार्किंगच्या हजार फुटांइतका वेळ खाते. आणि तेलाचं पाणी गटारात सोडू नकोस. अंबडचे नाले नंदिनी नदीला मिळतात आणि नंदिनी गोदावरीला. मी भुसा टाकून आधी तेल उचलतो, मग धुतो.

इकडे सगळे 2027 च्या सिंहस्थाचं बोलतायत. लोक कर्ज काढून चार-चार मशीन घेतायत, तू तसं करू नकोस. मोठ्या ठेक्याखाली तिसऱ्या हातचं काम मिळतं आणि पैसे कधी येतील याचा नेम नसतो. माझे एका ठेकेदाराकडे आठ महिने अडकले होते, तेवढ्यात गाडीचे दोन हप्ते चुकले. तुझी पोरगी यंदा बारावीला आहे.

तर नोकरी लगेच सोडू नकोस. मशीनही घेऊ नकोस. माझं पहिलं सिंगल फेज पडून आहे, सील नवे टाकून ठेवतो, ते तू न्यायचं. त्याआधी भाऊबीज झाली की दोन दिवस इथे ये. सिन्नरला एका गोदामाचं काम आहे, साडेपाच हजार फूट. दोन दिवस गन तू धर, मी होज ओढतो. तिसऱ्या दिवशी खांदे किती दुखतात ते बघ आणि मग वहिनींशी बोल.

येताना गमबूट घेऊन ये, नऊ नंबरचे माझ्याकडे नाहीत. काकांना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझाच,
नाना