कंपनीशी उगाच भांडले, दादा

दादा,

नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा मी टेकीला आले होते. राउटर बंद-चालू करून झाला होता. लॅपटॉप रीस्टार्ट केला, नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाकला, वायफायचा ड्रायव्हरही (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नवा घातला. मोबाईलवर नेट सुरळीत आणि लॅपटॉपवर गटांगळ्या. नेट देणाऱ्या कंपनीशी दोनदा भांडले. (त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.) शेवटी वायफाय कार्डच गेलं, असं मी ठरवून टाकलं.

तुम्ही कुठलीही सेटिंग बदलायला लावली नाहीत. फक्त कमांड प्रॉम्प्टमधून राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याकडे १९२.१६८.१.१ वर, पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते बघणं, चालू ठेवायला सांगितलंत. उत्तर कधी २ मिलिसेकंदांत, कधी ९००, मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच नाही. ‘राउटरपर्यंतच धड पोचत नाही, मग कंपनीला कशाला बोल लावायचा?’ असं म्हणालात, आणि मग कुणीच न विचारलेला प्रश्न विचारलात: ‘असं होतं तेव्हा लॅपटॉपला काय काय लावलेलं असतं?’

बॅकअपची हार्डडिस्क! वायफाय रोज संध्याकाळीच का रुसतं, ते तेव्हा लक्षात आलं. डिस्क काढली तर पिंग २-३ वर आलं. लावली की घसरलं. मी तीनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदाच खात्री पटली होती, तिसऱ्यांदा निव्वळ मजा म्हणून.

यूएसबी ३.० मधून, म्हणजे माझी डिस्क ज्यावर लागते त्या जोडणीतून, डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो आणि इंटेलने २०१२ मध्येच ते मोजून मांडलंय, हे मला कुठे ठाऊक! माझा लॅपटॉप वायफायच्या त्याच पट्ट्यावर होता. मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर, म्हणून त्याला झळ नाही.

आता लॅपटॉपही ५ वर आहे आणि डिस्क लांब केबलने टेबलाच्या टोकाला. आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, ५ पोचत नाही. तिथे बसले की २.४ वर येते आणि डिस्क काढून ठेवते.

तुम्ही पाऊण तास फोनवर होतात. मागून वहिनी दोनदा हाक मारून गेल्या, ते मला ऐकू येत होतं. त्यांनाही माझे आभार सांगा.